वाचलेले कळते, पण पुस्तक मिटल्यावर आठवते का? विद्यार्थ्यांना स्वतःच्या अभ्यासाचा अंदाज कसा यावा

शाळेची_घंटा (धागाकर्ता)

मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. सहामाहीच्या उत्तरपत्रिका वाटल्या की दरवर्षी एक वाक्य हमखास कानावर येते: “सर, मले सारं येत होतं, पेपरात काईच आठवलं नाई.” बरीच वर्षे मी हा बहाणाच समजत होतो. आता तसे वाटत नाही. मुले खोटे बोलत नाहीत. पुस्तक समोर उघडे असताना त्यांना खरोखरच सारे येत असते, आणि ते मिटल्यावर किती उरते हे त्यांनी परीक्षेच्या दिवसापर्यंत एकदाही तपासलेले नसते.

दोन वर्षांपूर्वी मी एक साधी गोष्ट सुरू केली. वीस गुणांची घटक चाचणी सोडवायला घेण्याआधी, प्रश्न न पाहता, प्रत्येकाने उत्तरपत्रिकेच्या कोपऱ्यात आपल्याला किती गुण मिळतील तो आकडा लिहायचा. तपासून झाल्यावर त्या आकड्याशेजारी मी मिळालेले गुण लिहितो. शेरा लिहीत नाही, वर्गात वाचूनही दाखवत नाही. पहिल्याच चाचणीत एका मुलाने १८ लिहिले आणि त्याला ९ मिळाले. हा मुलगा आळशी मुळीच नाही. ‘उष्णता’ हा पाठ त्याने चार वेळा वाचला होता आणि पिवळ्या पेनाने जवळजवळ संपूर्ण रंगवला होता. मी त्याला जवळ बसवून पाण्याच्या असंगत आचरणाविषयी, म्हणजे ४ अंश सेल्सिअसखाली थंड होताना पाणी आकुंचन न पावता प्रसरण पावते त्याविषयी, विचारले. ते दाखवणाऱ्या होपच्या उपकरणाची आकृती पानाच्या कोणत्या बाजूला आहे, हे त्याने झटकन सांगितले. थंड प्रदेशातील तळे वरून गोठले तरी तळाचे पाणी ४ अंश सेल्सिअसला का राहते, हे मात्र त्याला सांगता येईना. पान ओळखीचे झाले होते, पानावरचे कारण झाले नव्हते.

ही गल्लत केवळ आपल्या खेड्यातल्या मुलांची आहे असे समजू नये. अमेरिकेतील सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी केलेला एक प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक छोटा उतारा पाच-पाच मिनिटांच्या चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला, तर दुसऱ्या गटाने तो एकाच सत्रात वाचून उरलेल्या तीन सत्रांत उतारा बाजूला ठेवून आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा वाचणारा गट पुढे होता: त्यांना ८३ टक्के आठवले, लिहिणाऱ्यांना ७१ टक्के. एका आठवड्याने विचारले तेव्हा वाचणारे ४० टक्क्यांवर आले होते आणि लिहिणारे ६१ टक्क्यांवर होते. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती आणखी एक बाब. आठवड्यानंतर किती आठवेल असा अंदाज आधीच विचारला होता, तेव्हा सर्वाधिक खात्री वाचणाऱ्या गटालाच होती. दुसऱ्या-तिसऱ्या वाचनात डोळे भराभर सरकतात, वाक्य संपण्याआधीच पुढचे कळते, आणि या सोपेपणालाच आपण ज्ञान समजून बसतो.

म्हणून मी आता मुलांना वाचायला कमी आणि मिटायला जास्त सांगतो. पाठातील एक उपघटक वाचावा, पुस्तक मिटावे, रफ वहीत आठवेल ते आपल्या शब्दांत लिहावे, मग पुस्तक उघडून राहिलेले आणि चुकलेले लाल पेनाने त्याच पानावर लिहावे. दुसऱ्या दिवशी काहीही न वाचता तेच पुन्हा लिहावे आणि आठवड्याने पुन्हा. आपल्याला किती येते याचा अंदाजही वाचून उठल्या उठल्या करू नये, काही वेळ जाऊ द्यावा. थॉमस नेल्सन आणि जॉन डनलॉस्की यांनी १९९१ मध्ये दाखवून दिले आहे की थोडा काळ मध्ये गेल्यावर केलेला अंदाज बराच अचूक ठरतो. कारण उघड आहे: वाचून उठल्याबरोबर मजकूर अजून डोळ्यांपुढे तरळत असतो, आणि त्या तरळण्यालाच मूल ‘येते’ म्हणते.

हे शाळेत होते. घरी काय होते ते मला नीट माहीत नाही. पालकांनी, जुन्या शिक्षकांनी आणि स्वतः विद्यार्थ्यांनी लिहावे, म्हणून हा धागा काढला आहे.

कोरडवाहू

सर, मी कास्तकार आहे आणि माझी मुलगी नववीत आहे. आपले लिखाण दोनदा वाचले. आता आपल्याच म्हणण्याप्रमाणे दोनदा वाचून मला ते कितपत आले असेल याचीच शंका वाटते.

आधी तक्रार लिहितो. अभ्यासाविषयीचे सल्ले ज्याच्या घरी टेबल, खुर्ची आणि रात्रभर वीज आहे त्याला धरून दिलेले असतात. आमच्याकडे दसरा-दिवाळीपासून कापूस वेचणी सुरू होते. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत, आणि बोंड फुटल्यावर कापूस वाट पाहत नाही. सुटीच्या दिवशी मुलगी वावरातच असते. शाळेच्या दिवशीही मानव विकासची (मुलींना शाळेत नेणारी) निळी बस चुकली की दिवस जातो. संध्याकाळी घरी आल्यावर ती पाणी भरते, भाकरी थापते आणि मग दप्तर उघडते. त्या तासाभरात तिने आधी वाचावे, मग लिहावे, मग लाल पेनाने तपासावे, हे कागदावर शोभते.

तरीही आपली एक गोष्ट मला लगेच पटली आणि तिचे कारण शेतीतले आहे. घरचे सोयाबीन बियाणे म्हणून वापरायचे असेल तर आम्ही पेरणीपूर्वी उगवण तपासतो. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या रांगेत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, ओल टिकवायची आणि पाच-सात दिवसांनी किती मोड आले ते मोजायचे. सत्तर किंवा अधिक आले तर नेहमीच्या प्रमाणात पेरायचे. कमी आले तर एकरी बियाणे वाढवायचे किंवा ते बियाणे सोडून द्यायचे. सोयाबीनचे टरफल नाजूक असते, मळणीच्या वेळी यंत्राचा वेग जास्त असला की आतला अंकुर दुखावतो, आणि दाणा मात्र बाहेरून टपोरा, पिवळाधमक दिसतो. दाणा हातात घेऊन “चांगला आहे” म्हणणाऱ्याची पेरणी मोडलेली मी पाहिली आहे. मुलीने चार वेळा वाचलेला पाठ म्हणजे असाच टपोरा दाणा असणार, हे आपल्या लिखाणावरून मला उमगले. गोणपाट कुठून आणायचे, तेवढे सांगा.

सेवानिवृत्त_गुरुजी

कोरडवाहू भाऊंचे गोणपाट आमच्या पिढीच्या घरात होते, त्याला परवचा म्हणत. दिवेलागण झाली की ओसरीवर बसून पाढे म्हणायचे. त्यांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी हे अपूर्णांकांचे पाढेसुद्धा असत. हातात पुस्तक नसे, कारण घरात ते बहुधा एकच असे आणि ते थोरल्याकडे असे. आजोबा माळ ओढत ऐकत आणि चूक झाली की फक्त ‘हूं’ म्हणत. रोज तेच, पण रोज स्मरणातून. आज मानसशास्त्रज्ञ ज्याचे प्रयोग करतात ते त्या ओसरीवर शास्त्र म्हणून कोणी करत नव्हते. परवडणारी दुसरी पद्धतच नव्हती.

मात्र जुन्याचे कौतुक करताना त्यातील खोट झाकू नये. पाढा सुरात म्हणणाऱ्या अनेक मुलांना मी ‘सत्रा साते किती’ असे अचानक विचारत असे, तेव्हा ती मनातल्या मनात ‘सतरा एके सतरा’पासून ओठ हलवत चढत जात आणि मग एकशे एकोणीसपर्यंत पोहोचत. त्यांना पाढा येत होता, सतरा गुणिले सात येत नव्हते. माझ्या वर्गातील इतिहासाच्या सनावळ्यांचे तेच होत असे. म्हणून विचारणाऱ्याने मधूनच, उलट क्रमाने, वेगळ्या शब्दांत विचारले पाहिजे. एकाच चालीत म्हटलेले एकाच चालीत परत येते आणि प्रश्नपत्रिका त्या चालीत नसते.

धागाकर्त्या सरांना एक विचारतो. वर्गातील अंदाज सगळ्यांचा जास्तच निघतो का? माझ्या आठवणीत काही मुली अगदी उलट होत्या.

अभ्यासिका_खुर्ची_१४

मी तालुक्याच्या ठिकाणी अभ्यासिकेत बसून राज्यसेवेची तयारी करतो. माझ्यासारखी खेड्यांतून आलेली पुष्कळ मुले येथे रोज दहा-बारा तास बसतात आणि कोण किती तास बसला यावरच त्याची किंमत ठरते. आमच्या भिंतीवर एक आलेख चिकटवलेला आहे; माणूस वाचलेल्यापैकी ७० टक्के भाग एका दिवसात विसरतो, असे त्यावर लिहिले आहे. ते वाचून कित्येक जण अधिकच जोराने वाचत सुटतात.

मला तिसऱ्या प्रयत्नानंतर एक गोष्ट लक्षात आली, ती येथे सांगण्यासारखी आहे. पूर्व परीक्षेत चुकीच्या उत्तरासाठी त्या प्रश्नाच्या गुणांपैकी २५ टक्के गुण वजा होतात. म्हणजे उत्तर माहीत असणे जितके महत्त्वाचे, तितकेच ते आपल्याला माहीत नाही हे वेळेवर ओळखणेही महत्त्वाचे. मी सराव प्रश्नपत्रिका सोडवताना प्रत्येक प्रश्नापुढे ‘खा’, ‘अं’ किंवा ‘ना’ असे लिहू लागलो: खात्री आहे, अंदाज आहे, माहीत नाही. तपासल्यावर एकूण गुण मी शेवटी मोजत असे. आधी ‘खा’ लिहिलेल्यांपैकी किती चुकले ते मोजत असे. राज्यघटनेत माझे ‘खा’ जवळजवळ कधीच चुकत नव्हते. भूगोलात, ज्या विषयावर मी मित्रांना व्याख्याने देत होतो त्या विषयात, ‘खा’ सर्वाधिक चुकत होते. ज्या विषयाकडे मी वर्षभर ढुंकून पाहिले नव्हते तोच माझा कच्चा विषय निघाला, कारण मला तो पक्का वाटत होता.

एक प्रश्न. काही जण पाहून शिकतात, काही ऐकून, काही हाताने करून, असे आम्हाला एका शिबिरात सांगितले होते. मग प्रत्येकाने आधी आपला प्रकार ओळखणे, हेच खरे आत्मभान नव्हे का?

आकडेमोड

भिंतीवरच्या आलेखाबद्दल आधी लिहितो, कारण तो मी अनेक ठिकाणी पाहिला आहे आणि दर वेळी त्यातील अर्धे सत्य मला खटकते. त्याचे मूळ हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाच्या १८८५ च्या प्रयोगांत आहे. त्याने प्रयोग स्वतः एकट्यावर केले आणि पाठ करायला अर्थहीन अक्षरजोड्या घेतल्या, म्हणजे आधीच्या ज्ञानाचा आधार मिळू नये. विसरलेल्या मजकुराची टक्केवारी त्याने थेट मोजली नव्हती. तीच यादी पुन्हा पाठ करताना पहिल्या वेळेच्या तुलनेत किती श्रम वाचले, ते त्याने मोजले. एका दिवसानंतर ही बचत सुमारे एक-तृतीयांश होती, महिन्याने सुमारे एक-पंचमांश. म्हणजे घसरण सुरुवातीला वेगाने होते आणि मग मंदावते, हे खरे. २०१५ मध्ये हा प्रयोग पुन्हा करून पाहिला तेव्हाही वक्राचा आकार तसाच आला. पण अर्थ समजून वाचलेला पाठ आणि निरर्थक अक्षरे यांना एकच टक्केवारी लावणे बरोबर नाही. त्या आलेखाने घाबरून अधिक वाचण्यापेक्षा, घसरण सुरू झाल्यावर आठवून पाहणे हा त्याचा उपयोग आहे.

पाहून, ऐकून, करून शिकण्याच्या प्रकारांविषयी: प्रत्येकाची आवड वेगळी असते हे निर्विवाद आहे, परंतु त्या आवडीनुसार शिकवल्याने अधिक शिकता येते याचा पुरेसा पुरावा नाही, असा निष्कर्ष हॅरोल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये उपलब्ध संशोधन तपासून काढला. ‘मी ऐकून शिकणारा आहे’ असे एकदा ठरवले की मुलगा लिहिणे सोडतो, असे मला शिकवणीत दिसले आहे. स्वतःविषयीचे असे लेबल म्हणजे आत्मभान नव्हे. आपण ‘खा’, ‘अं’, ‘ना’ करता, ते आत्मभान आहे.

मी गणित शिकवतो, म्हणून त्या बाजूची एक गोष्ट जोडतो. दहावीच्या बीजगणितात सरावसंच एका जातीचे असतात: वर्गसमीकरणे असतील तर दहाही वर्गसमीकरणे. मुलगा पहिली दोन गणिते पाहून रीत उचलतो आणि पुढची आठ न विचार करता करतो. आपल्याला वर्गसमीकरणे आली, असे त्याला वाटते. परीक्षेत अंकगणिती श्रेढीचे शाब्दिक उदाहरण शेवटी वर्गसमीकरणाकडे वळते आणि तो थांबतो, कारण कोणती रीत लावायची हे ओळखण्याचा सराव त्याने कधी केलेलाच नाही. डग रोहरर आणि केली टेलर यांच्या २००७ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी चार घनाकृतींचे घनफळ काढण्याचा सराव केला. एका जातीची गणिते सलग करणाऱ्यांची सरावातील उत्तरे ८९ टक्के बरोबर होती, मिसळून करणाऱ्यांची ६० टक्के. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा पहिला गट २० टक्क्यांवर होता आणि दुसरा ६३ टक्क्यांवर. सराव करताना जो चुकत होता तो परीक्षेत तरला. पालकांनी वहीत सगळ्या बरोबरच्या खुणा पाहून खूश होण्यापूर्वी ती गणिते कोणत्या क्रमाने केली आहेत ते जरूर विचारावे.

शाळेची_घंटा (धागाकर्ता)

गुरुजींचा प्रश्न अचूक आहे आणि मी ती बाजू लिहायला विसरलो होतो. अंदाज सगळ्यांचा जास्त निघत नाही. माझ्या वर्गात एक मुलगी सतत ११-१२ लिहिते आणि तिला १५-१६ मिळतात. ही चूकही महाग पडते. ती भीतीपोटी जे आले आहे तेच घोकत बसते. आवर्ती वर्गीकरण तिला पाठ आहे तरी रोज तेच उघडते आणि भिंगांची सूत्रे व चिन्हसंकेत तसेच राहतात. तिला “तू हुशार आहेस” असे मी दोन वर्षे सांगत होतो, त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही. सलग पाच चाचण्यांचे दोन स्तंभ तिच्यासमोर ठेवले तेव्हा तिने स्वतःच विचारले, “सर, मग मी हा पाठ सोडू का?”

कोरडवाहू भाऊ, गोणपाटाला वेगळा वेळ लागत नाही, किंबहुना ते आहे त्या वेळातूनच काढता येते. तिच्याकडे तासभर असेल तर पहिली दहा मिनिटे तिने पुस्तक उघडूच नये. कालचे जे आठवते ते लिहावे, आणि जे आले नाही तेवढेच वाचावे. एरवी ती पाठाच्या पहिल्या ओळीपासून सुरू करते आणि जे येते त्यावरच निम्मा तास जातो. दुसरे असे की आठवून पाहायला पुस्तक लागत नाही आणि वीजही लागत नाही. कापूस वेचताना हात गुंतलेले असतात, डोळे गुंतलेले असतात; तोंड मोकळे असते. आपण शेजारच्या ओळीत असाल तर विचारा. मात्र आपली तक्रार मी खोडत नाही. मुलगी हंगामात दहा-पंधरा दिवस शाळेबाहेर राहिली तर जे शिकवलेच गेले नाही ते आठवण्याचा प्रश्नच येत नाही, आणि तो दोष अभ्यासाच्या पद्धतीने भरून निघणार नाही. त्यासाठी शाळेने तिला बुडालेले धडे परत शिकवले पाहिजेत.

मेळघाटची_वाट

मी धारणी तालुक्यात आश्रमशाळेत शिकवते. माझ्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या घरी कोरकू बोलतात. मराठी ही त्यांची शाळेत आल्यावर भेटलेली भाषा आहे, आणि कोरकूचे मराठीशी कुळाचेही नाते नाही, ती मुंडा कुळातील भाषा आहे. त्यामुळे ‘आपल्या शब्दांत लिहा’ ही सूचना आमच्याकडे वेगळीच अडचण घेऊन येते. मुले पुस्तकातील वाक्य जसेच्या तसे, स्वल्पविरामासह लिहून देतात. आपल्या पद्धतीने पाहिले तर हे विद्यार्थी पास होतील, कारण पुस्तक मिटून त्यांनी बरोबर आठवले आहे. एका मुलाने ‘बाष्पोच्छ्वास’ची, म्हणजे झाडे पानांतून पाण्याची वाफ सोडतात त्या क्रियेची, व्याख्या न चुकता लिहिली. पानाच्या पोटातून पाणी कुठे जाते, असे विचारले तेव्हा तो गोंधळून माझ्याकडे पाहत राहिला.

तेव्हापासून मी एक पायरी मध्ये घातली आहे. आधी त्यांनी तो भाग शेजारच्या मित्राला कोरकूत समजावून सांगायचा, मग मराठीत लिहायचा. मला कोरकू बेताचीच येते, पण कुठे अडखळले ते कळायला भाषा यावी लागत नाही. मूल बोलता बोलता थांबते, पुस्तकाकडे हात नेते, किंवा मधेच मराठी शब्द तसाच टाकून पुढे सरकते. जिथे शब्द तसाच टाकला तिथेच बहुधा समज तुटलेली असते. त्याला स्वतःलाही तिथेच ते जाणवते आणि तो हसतो. बाष्पोच्छ्वासाच्या बाबतीत आम्ही सागाच्या फांदीला पारदर्शक पिशवी बांधून ठेवली आणि दुपारी तिच्यात पाण्याचे थेंब पाहिले. त्यानंतर त्याच मुलाने कोरकूत जे सांगितले ते पुस्तकातील व्याख्येपेक्षा लांब आणि काहीसे विस्कळीत होते, पण ते त्याचे होते.

शिक्षकांनी हे ध्यानात घ्यावे की वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलांचेही थोड्या प्रमाणात असेच होते. मुलाला त्याच्या बोलीत सांगू द्यावे; शुद्धलेखन नंतर पाहता येते.

कोरडवाहू

सरांनी सांगितल्यावर तीन आठवडे करून पाहिले, म्हणून मुद्दाम लिहायला आलो.

मी सातवी शिकलेलो आहे, तिच्या विज्ञानातले मला काही कळत नाही. पहिल्या दिवशी पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) ओळीत मी “काल काय शिकली?” एवढेच विचारले आणि ती “गतीचे नियम” म्हणून गप्प झाली. मग मी विचारले की बंडीचे बैल एकदम थांबले तर मागे बसलेला माणूस पुढे का झुकतो. ती जे बोलली त्यातले अर्धे मला कळले नाही, आणि मी “समजलं नाही, पुन्हा सांग” म्हणत राहिलो. तिसऱ्यांदा सांगताना ती मधेच थांबली आणि म्हणाली, “बाबा, मलेच नाही समजलं वाटते.” संध्याकाळी तिने पहिल्यांदा तेवढेच पान उघडले. माझे अज्ञान या कामी आले, याचे मला नवल वाटते. मला कळले असते तर मी पहिल्याच वेळी मान हलवली असती.

तिच्या आजीलाही आता हा नाद लागला आहे. ती काहीच न कळता “अस्सं का?” म्हणते आणि नात पुन्हा सांगते. मात्र खरे सांगायचे तर आठवड्यातून चारच दिवस हे जमते. ज्या दिवशी पाठ मोडेपर्यंत वेचणी होते त्या दिवशी कोणीच कोणाला काही विचारत नाही.

दहावी_ब

मी दहावीत आहे आणि हा धागा माझ्या मामाने दाखवला. मी पंधरा दिवस रफ वहीची पद्धत केली. मला दोन अडचणी आल्या. पहिली अशी की पुस्तक मिटल्यावर पहिल्या दिवशी इतके कमी आठवले की मला रडू आले आणि दोन दिवस मी वही उघडली नाही. दुसरी अशी की स्वतःच प्रश्न काढले तर मी नकळत जे येते त्याचेच प्रश्न काढते. मग माझा अंदाज बरोबर येतो, पण शाळेच्या चाचणीत चुकतो.

शाळेची_घंटा (धागाकर्ता)

पहिल्या अडचणीबद्दल, बेटा: ते कमी आठवणे त्या दिवशी घडले नाही, ते आधीपासूनच तसे होते आणि त्या दिवशी तुला दिसले. पण पंचवीस पानांचा पाठ एकदम आठवायला बसू नकोस. दीड-दोन पाने वाच आणि मिट. पानभर आठवण्यासारखे असेल तेवढेच एका वेळी घे. काहीच आठवले नाही तर उपशीर्षके पाहा, मजकूर झाकून ठेव आणि पुन्हा प्रयत्न कर.

तुझी दुसरी अडचण या संपूर्ण धाग्यात कोणालाही सुचली नव्हती, मलाही नाही. स्वतः काढलेला प्रश्न स्वतःच्या ओळखीचा असतो, त्यामुळे तेथेही तोच भास परत येतो. मैत्रिणीशी वह्यांची अदलाबदल कर: तिने तुझ्यासाठी पाच प्रश्न काढावेत, तू तिच्यासाठी, आणि ज्या भागावर आपण प्रश्न काढणे टाळले तो भाग कोणता, हेही दोघींनी एकमेकींना सांगावे. गणितासाठी आकडेमोड सरांनी सांगितल्याप्रमाणे सरावसंचांऐवजी पाठाच्या शेवटचे संकीर्ण प्रश्नसंग्रह घे, आणि तीन वेगवेगळ्या पाठांतील एकेक प्रश्न चिठ्ठी उचलून सोडव. चिठ्ठीवर पाठाचे नाव लिहू नकोस, फक्त पान क्रमांक आणि प्रश्न क्रमांक लिही. उत्तर सुरू करण्यापूर्वी समासात ‘खा’, ‘अं’ किंवा ‘ना’ लिहायचे विसरू नकोस.

दहावी_ब

चिठ्ठ्या केल्या आहेत, आईच्या कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवल्या आहेत. आज तीन उचलल्या: एक ‘खा’ बरोबर आला, एक ‘खा’ चुकला, आणि समरूपतेचा ‘ना’ लिहिलेला प्रश्न सुटला.